स्नोथ्रोअर उन्हाळ्यात बिघडतो

बर्फ फेकून फेकून स्नोथ्रोअर झिजतो, पण बिघडतो तो बहुधा उन्हाळ्यात, गॅरेजच्या कोपऱ्यात नुसता उभा असताना. आपल्याला ते कळतं मात्र पहिल्या मोठ्या बर्फाच्या सकाळी. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, इंजिन एकदा खोकून गप्प बसतं आणि खिडकीतून कुणीतरी विचारतं, "झालं का सुरू?" म्हणून आमच्याकडे या मशीनचं मोठं काम हिवाळा संपता संपता होतं. पुढचा बर्फ पडायच्या आधी करायची ती फक्त उजळणी.

घरात हे खातं माझ्याकडे आहे. नवऱ्याचा फावड्यावर गाढ विश्वास. पायऱ्या आणि दारापुढची जागा तो अजूनही फावड्यानेच साफ करतो. मुलगा टॉर्च धरायला येतो आणि प्रकाश भलतीकडेच पाडतो. मशीन तसं साधं आहे: पेट्रोलवर चालणारं चार-स्ट्रोक इंजिन आणि बर्फ उडवायचे दोन टप्पे. पुढचा ऑगर, म्हणजे दातेरी लोखंडी मळसूत्र, बर्फ कातरून मधोमध ओढतो. तिथून मागचा पंखा, म्हणजे इम्पेलर, तो उचलून शूटमधून, म्हणजे वरच्या वळवता येणाऱ्या नळीतून, लांब भिरकावतो. इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला साधारण ३६०० फेरे घेतं, पंखा हजाराच्या वर फिरतो आणि ऑगर शंभराच्या आसपास. पंख्यापासून ऑगरपर्यंत वेग उतरवायचं काम ऑगरच्या मधोमध असलेला छोटासा गिअरबॉक्स करतो. त्याच्याकडे पुढे येतेच, कारण या मशीनमधला सगळ्यांत महागडा बिघाड तिथे दडलेला असतो.

क्यूबेकच्या आर्थर सिकार यांनी १९२५ साली पहिला यशस्वी स्नोब्लोअर, म्हणजे स्नोथ्रोअरच, तयार केला. शेतावरचं मळणी यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. त्यांचं यंत्र ट्रकएवढं होतं. आपलं हाताने ढकलायचं असलं तरी मूळ युक्ती तीच: आत ओढायचं आणि जोरात बाहेर फेकायचं.

आता पेट्रोल. माझ्या मते निम्मी निगा इथेच होते, आणि बहुतेक लोक नेमकं हेच सोडून इंजिन ऑइलची काळजी करत बसतात.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये अनेक ठिकाणी दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. थोडं पाणी मिसळून राहतं, पण त्याला मर्यादा आहे, आणि थंडी वाढली की ती मर्यादा आणखी खाली येते. ती ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनकडे जाणारी नळी तळातूनच निघते, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो या पाणीदार मिश्रणाचा. हे झालं टाकीचं. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, वाटीत वेगळीच कथा चाललेली असते. तिथलं चमचा-दोन चमचे पेट्रोल महिनोन्‌महिने उडत राहतं, त्यातले हलके, पटकन पेटणारे घटक आधी जातात आणि मागे जुन्या गोंदासारखा चिकट, पिवळट थर उरतो. वाटीतलं पेट्रोल ज्यातून जातं त्या जेटचं भोक असतं मिलिमीटरहूनही बारीक. ते बुजायला कितीसा थर लागणार?

यावर स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं औषध, मिळतो, तो चांगलाच आहे, पण तो ताज्या पेट्रोलमध्ये घालायचा. शिळ्या पेट्रोलमध्ये ओतून ते पुन्हा ताजं होत नाही, तसा चमत्कार कुठल्याच बाटलीत नसतो. मी कॅन भरून आणल्या आणल्याच तो घालते, म्हणजे पुढे आठवण ठेवावी लागत नाही. घातल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटं चालू द्यायचं. नाहीतर टाकीत औषध आणि कार्ब्युरेटरमध्ये जुनंच पेट्रोल अशी गत होते.

हंगाम संपल्यावर टाकी भरून ठेवायची की रिकामी करायची, यावर दोन पक्ष आहेत आणि दोन्हीकडची माणसं हट्टी आहेत. भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणून ओलावा कमी, हा एका बाजूचा मुद्दा. तो खोटा नाही. मी दुसऱ्या बाजूची. जे तिथे नाहीच ते शिळं होणार कसं? टाकी सायफनने रिकामी करायची, पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. ते बंद पडलं म्हणजे वाटी कोरडी झाली असं समजू नका. तळाला थोडं उरतंच. इंजिन गार झालं की वाटीखालचा छोटा बोल्ट सैल करून तेवढंही डब्यात काढायचं. इंधन इंजेक्शनचं मशीन असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून त्याच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाहा, तिथले नियम वेगळे असतात.

हिवाळ्याच्या सुरुवातीला पेट्रोल नवीनच आणावं, याला आणखी एक कारण आहे. थंड प्रदेशात कंपन्या हिवाळ्यात वेगळं, गारठ्यातही सहज वाफ होणारं पेट्रोल विकतात. ऑगस्टमध्ये गवत कापायला आणलेल्या कॅनमधलं पेट्रोल अगदी शुद्ध असलं, तरी कडाक्याच्या थंडीत इंजिनाला पेटायला जड जातं. आणि पंधरा टक्के इथेनॉलचं पेट्रोल स्वस्त दिसलं तरी या छोट्या इंजिनांसाठी नाही. बिनइथेनॉलचं मिळत असेल तर मी जास्त पैसे देऊन तेच घेते.

वाटी चोंदलीच, तर ती काढून आतला पितळी जेट सोडवायचा, क्लीनर मारायचा आणि इलेक्ट्रिकच्या वायरमधला तांब्याचा एक बारीक केस आरपार घालायचा. सुई किंवा पोलादी तार नको. पितळ मऊ असतं, भोक कणभर मोठं झालं तरी पेट्रोलचं प्रमाण बदलतं. जेट उजेडाकडे धरून आरपार गोल ठिपका दिसला की काम झालं. इथे मुलाचा टॉर्च खरोखर कामी येतो.

तेलाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. थंडीत ५डब्ल्यू-३० या ग्रेडचं तेल बहुतेक इंजिनांना चालतं, सिंथेटिक असेल तर दोरी जरा हलकी लागते. नव्या मशीनचं पहिलं तेल लवकर, बहुतेकदा पहिल्या पाच तासांनंतरच बदलायचं असतं, कारण नव्या भागांची बारीक धातूची भुकटी त्यात उतरते. मग वर्षातून एकदा. बदलायचं ते इंजिन कोमट असताना, आणि माझा आग्रह असा की हंगामाच्या शेवटीच. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेलं पाणी आणि आम्ल असतं, ते उन्हाळाभर बेअरिंगांना कशाला चाटवायचं? पातळी बघताना मशीन सपाट जागेवर हवं. काठोकाठ भरण्याचा मोह आवरा, तेल जास्त झालं तर निळा धूर येतो.

एअर फिल्टर शोधू नका. या मशीनवर बहुधा तो नसतोच. बर्फात धूळ नसते, आणि फिल्टर लावला तर तो ओला होऊन गोठून बसेल आणि इंजिनाचा श्वास कोंडेल. म्हणूनच हे इंजिन काढून उन्हाळ्यात धुळीच्या कामाला जुंपायची कल्पना कुणी मांडली तर तिथेच मोडून काढावी.

स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा भाग, वर्षाला एक. फटीचं माप पुस्तिकेत असतं, पुष्कळ इंजिनांना ०.७६ मिलिमीटर. नवा प्लग डब्यातून माप बरोबर करूनच येतो असं धरून चालू नये, फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, एकदा पाहावं. सुरुवातीचे आटे हाताने फिरवावेत, पाना शेवटी. आणि प्लगची वायर काढून बाजूला अडकवणं हे या मशीनच्या कुठल्याही कामाचं पहिलं पाऊल. मग ते काम नुसता एखादा नट आवळायचं का असेना.

आता तो गिअरबॉक्स.

ऑगरच्या आतून एक दांडा जातो. गिअरबॉक्स दांडा फिरवतो, पण दांडा ऑगरला थेट जोडलेला नसतो. दोघांच्या आरपार एक मऊ धातूची पिन घातलेली असते, शिअर पिन. ऑगरमध्ये दगड, गोठलेलं वर्तमानपत्र किंवा लाकडाचा ओंडका अडकला की पिन तुटते, ऑगर जागीच थांबतो, दांडा आत मोकळा फिरत राहतो आणि गिअरबॉक्स वाचतो. पिनेचं काम तुटणं हेच आहे. लोक चिडतात की पिन सारखी तुटते, आणि हाताला लागलेला त्याच जाडीचा चांगला कडक बोल्ट तिथे ठोकतात. तो बोल्ट खरंच तुटत नाही. तुटतं ते गिअरबॉक्समधलं कांस्याचं चाक, किंवा त्याचं बिडाचं कवच.

हे पुष्कळांना माहीत असतं. याच्या पुढची गोष्ट फार थोडे जण पाहतात. पिन बरोबर मापाची, कंपनीने सांगितलेलीच आहे, पण ऑगरची नळी आणि आतला दांडा यांच्यामध्ये पाणी शिरून गंज धरला, तर दोन्ही एकजीव होतात. मग पिन असली काय, नसली काय. तुटून मोकळं व्हायला काही उरतच नाही. बाहेरून मशीन झकास दिसतं, दोन्ही बाजू फिरतात, बर्फ उडतो. दगड येतो त्या दिवशी सगळा धक्का सरळ गिअरबॉक्सवर जातो.

म्हणून वर्षातून एकदा दोन्ही बाजूंच्या पिना काढायच्या आणि प्रत्येक ऑगर हाताने दांड्यावर फिरवून बघायचा. तो सुटा फिरला पाहिजे. मग ऑगरवरच्या निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या छोट्या तोंडाला, ग्रीस गन लावायची आणि दोन्ही टोकांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत दाबत राहायचं, मधून मधून ऑगर फिरवत. मगच पिना परत. पिना जागेवर असताना ग्रीस मारलं तरी आत जातं, पण ऑगर सुटा फिरतो की नाही हा खरा प्रश्न तसाच राहतो. काही मशीनना निपल नसतात, तिथे टोकाचं बेअरिंग सोडवून ऑगर सरकवून काढावा लागतो आणि दांड्याला हाताने ग्रीस फासावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. मी ते संगीत लावून करते.

आधीच जाम झालेला ऑगर सोडवायचा तर घाई कामाची नाही. पिनेच्या भोकांतून गंज सोडवणारं तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, लाकडी ठोकळा ठेवून हलके टोले द्यायचे, पुन्हा तेल. आठवडाभर असं चाललं तरी चालेल. पाइप रेंचला लांब नळी घालून जोर करणारे लोक असतात, त्यांचा ऑगर कधी सुटतो, कधी वाकतो.

गिअरबॉक्सला तेलाचं झाकण असेल तर पातळी पाहावी. काही गिअरबॉक्स कारखान्यातूनच ग्रीस भरून बंद केलेले येतात, त्यांना हात लावायचा नाही. सीलमधून गळती होत असेल तर मशीन जिथे उभं होतं तिथल्या पांढऱ्या बर्फावर तिचा डाग उठून दिसतो. जादा पिना मी एका डबीत घालून हँडललाच बांधून ठेवल्या आहेत, त्यांच्या मापाच्या पान्यासकट. पिन तुटते ती भर वादळात, आणि तेव्हा घरात जाऊन बर्फाळ बुटांनी खण उपसणं कुणालाच आवडत नाही.

खाली दोन बाजूंना घसरपट्ट्या असतात, स्किड शू. सगळा पुढचा भाग त्यांवर सरकतो. त्यांच्या मधली खालची आडवी पट्टी जमिनीलगतचा बर्फ खरवडते. काँक्रीट किंवा डांबर गुळगुळीत असेल तर या पट्टीखाली साधारण ३ मिलिमीटर जागा पुरते. खडीचा रस्ता असेल तर २५-३० मिलिमीटर तरी ठेवा, नाहीतर मशीन बर्फाबरोबर खडीही फेकणार, आणि ती शेजाऱ्याच्या गाडीच्या काचेला सापडते. माप लावायची सोपी रीत: सपाट जमिनीवर खरवडपट्टीच्या दोन्ही टोकांखाली हव्या त्या जाडीच्या फळ्या सरकवायच्या, शूचे नट सैल करायचे, शू स्वतःच्या वजनाने जमिनीला टेकू द्यायचे, आवळायचं. झालं. एक बाजू वर आणि एक खाली राहिली तर मशीन सतत एकीकडे ओढतं आणि आपण हँडलशी कुस्ती खेळत बसतो. टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी नसली तरी हेच होतं, म्हणून शूला हात लावायच्या आधी टायर बघावेत. आकडा टायरच्या कडेवरच छापलेला असतो.

बऱ्याच मशीनचे शू उलटे करून लावता येतात, तसे असतील तर आयुष्य दुप्पट. खरवडपट्टीचंही काही मशीनमध्ये तसंच. ती झिजून संपेपर्यंत वाट पाहू नका. ती संपली की मागच्या पत्र्याची झीज सुरू होते, आणि पत्रा बदलणं म्हणजे मशीनचं अर्धं तोंड बदलणं. एकाच टप्प्याच्या मशीनमध्ये हा मान रबरी पात्यांचा: काहींवर झीज दाखवायला भोक किंवा खूण असते, तिथपर्यंत रबर आलं की पाती बदलायची.

पट्टे दोन असतात, एक ऑगर-पंख्याचा, एक चाकांचा. भेगा, सुटलेले धागे आणि काचेसारखी चमकणारी कड पाहायची. चमक आली म्हणजे पट्टा घसरतोय. एक तपासणी मात्र नेमाने करते: इंजिन चालू, ऑगर चालू, आणि लिव्हर सोडली. ऑगर पाच सेकंदांच्या आत थांबलाच पाहिजे. नसेल थांबत, तर केबल किंवा ब्रेक नीट होईपर्यंत मशीन बाहेर काढायचं नाही, मग बाहेर गुडघाभर बर्फ असो.

चाकांना गती देणारी रबरी कडेची चकती खालचं झाकण काढल्यावर दिसते. ती एका धातूच्या तबकडीवर घासून फिरते, म्हणजे तिचं सगळं काम घर्षणावर. म्हणून जिथे तिथे तेल फवारायची हौस असलेल्या माणसाला या झाकणापासून लांब ठेवावं. आजूबाजूच्या दांड्यांना पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढाच पुसट हात, चकतीला आणि तबकडीला थेंबसुद्धा नाही. झाकण काढायला मशीन पुढच्या तोंडावर उभं करावं लागतं. आधी पेट्रोल काढून घ्यायचं, आणि जोडीला कुणीतरी हवं. नवरा फावडं ठेवून येतो तो एवढ्यासाठीच.

ओला, जड बर्फ शूटमध्ये चोंदतो. शूटला आतून सिलिकॉनचा फवारा किंवा गाडीचं मेण लावलं तर बराच फरक पडतो. तरी चोंदला, तर मशीनबरोबर आलेला दांडा वापरायचा. हात नाही. यावरून मुलाशी माझा वाद झाला आहे.

"आई, इंजिन बंद आहे ना? मग काय होणार?"

"आतला पंखा ताणात अडकलेला असतो रे. बर्फ मोकळा झाला की तो ताण सुटतो, आणि बंद मशीनमध्येही पंखा अर्धा फेरा घेतो. बोटाला अर्धा फेरा पुष्कळ झाला."

तेव्हापासून तो दांडा आधी शोधतो. बरं वाटतं.

काम झाल्यावर ऑगर मिनिटभर मोकळाच फिरवायचा, म्हणजे आतला बर्फ उडून जातो. उरलेला ब्रशने झाडायचा. मशीन उबदार गॅरेजात ठेवून तापलेल्या पत्र्यानिशी थेट बर्फात नेलं, तर बर्फ वितळून चिकटतो आणि मग गोठतो. थोडा वेळ बाहेर गार होऊ दिलं की हे टळतं. पंखा गोठून बसलाच असेल तर लिव्हर दाबून जबरदस्ती करू नका, पट्ट्याचा जळका वास येईल आणि पंखा तिथेच राहील. उबेला नेऊन तास-दोन तास थांबणं एवढाच उपाय. इंजिन मात्र नेहमी बाहेरच चालू करायचं. गॅरेजचं दार सताड उघडं असलं तरी आत धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो.

शेवटचं काम उन्हाळ्यासाठी निजवायचं. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडते, दोरी हळू हळू ओढून ते सगळीकडे पसरवते आणि प्लग बसवून दोरी जड लागते तिथे थांबते. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, ओलावा आत शिरत नाही. पत्र्यावरचे ओरखडे घासून रंगाचा हात. इंजिनावरच्या झाकणाखाली उंदीर घर करतात, आणि त्यांना वायरचं आवरण कुरतडायला आवडतं, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तिथेही डोकवावं लागतं. दोन्ही पट्ट्यांचे, पिनांचे आणि प्लगचे नंबर मी मास्किंग टेपवर लिहून हँडलच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत. सुटे भाग मागवायचे ते उन्हाळ्यातच. पहिला बर्फ पडला की सगळ्यांना एकदमच पट्टा हवा असतो.